पाहुणचाराची खान्देशी पद्धत, परदेश आवृत्ती

अमेरिकेत नोकरी करणाऱ्या खान्देशी नवऱ्याकडे दोन पाहुणे हक्काने येतात: जळगावहून बायको आणि धुळ्याचा कॉलेजमित्र. दोघे एकाच आठवड्यात आले, की यजमानाची कसोटी लागते आणि तो ती उत्तम पार पाडतो. मित्राला तो शहर दाखवतो. बायकोला स्वयंपाकघर.

ही विभागणी शास्त्रशुद्ध आहे. मित्र प्रवासाने दमलेला असतो. बायको मात्र तेवढेच तास विमानात बसूनच असते, म्हणजे तिची विश्रांती झालेली. भरिताला वांगी जळगावचीच हवीत. त्यांना 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण कस्टमवाले ती आत सोडत नाहीत. बायकोला मानांकन नसल्याने ती सुटते, आणि तिच्या हातावर भागवले जाते. वांगी भाजायला कपाशीच्या काड्यांऐवजी ओव्हन, मग धूर, मग किंचाळणारा अलार्म, आणि त्याखाली खुर्चीवर चढून टॉवेल हलवणारी तीच. बैठकीत तोवर कॉलेजच्या दिवसांतल्या शेवभाजीवर चर्चा रंगलेली असते.

व्हिसाच्या अर्जात प्रवासाचा हेतू विचारतात. तिथे ‘कळण्याच्या भाकरी’ असा स्वतंत्र रकाना असावा, म्हणजे मुक्कामाची मुदतही पिठावरून ठरवता येईल. पीठ संपले, की परतीचे तिकीट.

निघताना मित्र यजमानाला मिठी मारतो. “भाऊ, तुन्हासारखा पाहुणचार कोनीच करत नही!”

वहिनींचे विमान त्याच रात्रीचे असते. विमानतळाचा रस्ता तेवढा त्यांचा पाहून होतो, येताना आणि जाताना.