वाघ्याची रात्रपाळी

आमच्या कुत्र्याला दोन नावं आहेत. उजेड असेपर्यंत तो वाघ्या असतो आणि दिवेलागण झाली की बाळू. शेतीपंपाच्या विजेला जशी दिवसपाळी-रात्रपाळी असते, तशी आमच्याकडे कुत्र्याच्या नावालाही आहे.

आमचा मळा मीना आणि घोड या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात. नारायणगावला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच मंचरला, त्यामुळे बाजार कुठे करायचा यावर घरात कायमचे दोन पक्ष. घराच्या तीन अंगांना ऊस, चौथ्या अंगाला रस्ता आणि रस्त्यापलीकडे पुन्हा ऊस. आमच्याकडे बिबट्याला बिबट्या म्हणणारे दोनच, वनखातं आणि पेपरवाले. बाकी सगळ्यांचा तो वाघच. अशा मुलखात आईने तीन वर्षांपूर्वी घरी आणलेल्या पिल्लाचं नाव ठेवलं वाघ्या. कुलदैवत धामणीचा खंडोबा, त्याच्या पायाशी कुत्रं, त्याचे भक्त म्हणजे वाघ्या-मुरळी. तेव्हा दुसरं नाव सुचायला जागाच नव्हती.

पहिले काही महिने कुणाची हरकत नव्हती. मग एका संध्याकाळी वाघ्या वेळेवर घरी आला नाही. आई बॅटरी घेऊन बांधावर उभी राहिली आणि तिने हाका सुरू केल्या, "वाघ्याऽऽ! आला का रं वाघ्याऽऽ!" यातला 'घ्या' बहुधा उसातच अडकला. पलीकडच्या मळ्यात पोचलं ते एवढंच, 'वाघ आला'. पाच मिनिटांत थाळ्या वाजायला लागल्या. दिवाळीतले उरलेले सुतळी बाँब निघाले. दोन ट्रॅक्टर हेडलाइट लावून बांधावर चढले. वीस-पंचवीस माणसं काठ्या घेऊन आमच्या अंगणात, आणि त्यांच्या सगळ्यात पुढे, शेपूट उभारून, उसाकडे तोंड करून जीव तोडून भुंकत होता तो वाघ्या. वाघ नक्की कुठे आहे हे शोधायला तोही आला होता.

"काकू, नाव तरी बदला," पलीकडचे नाना काठी टेकत म्हणाले.

"देवाचं नाव हाय. बदलायचं न्हाय," आई म्हणाली. मग गर्दीकडे बघून थोडी नरमली. "रातीचं दुसरं म्हणू."

दुसरं नाव तिने तिथल्या तिथे ठरवलं, बाळू. यात अडचण अशी की घरात बाळू मी आहे. कागदोपत्री माझं नाव वेगळं आहे, पण गेली त्रेपन्न वर्षं आई मला बाळूच म्हणते. मी हे निदर्शनास आणलं, तर ती म्हणाली, "तू कुठं हाकेला येतोस?"

लहानपणी आमच्याकडे कुत्रं घर राखायचं. त्याला नावही धड नसे. ते अंगणात निजायचं, चोराचिलटावर भुंकायचं आणि शिळी भाकर खाऊन वर उपकार मानायचं. आता उलट झालं आहे. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे. कालव्यांना पाणी आलं, पाण्याने ऊस आला आणि वर्ष-वर्ष उभ्या राहणाऱ्या उसात बिबट्याने बिऱ्हाड केलं. त्याची मादी तिथेच विते. ऊसतोड सुरू झाली की सरीत पिल्लं सापडतात, मग वनखात्याची आणि माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्राची माणसं ती पिल्लं क्रेटमध्ये ठेवून रात्री आईची वाट बघत बसतात. ती येते आणि घेऊन जाते. इतक्या कुटुंबवत्सल शेजाऱ्याला मुलांच्या तोंडी काहीतरी घालावं लागतं, आणि उसात हरणं नसतात. कुत्री असतात.

आमच्या शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचा आहार अभ्यासला. खाल्लेल्या वजनात ८७ टक्के पाळीव प्राणी निघाले आणि त्यात एकट्या कुत्र्याचा वाटा ३९ टक्के. शेळ्या त्या भागात कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा ११ टक्केच. मी हे आईला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवलं. ती म्हणाली, "शेळी रातीला कोंडत्यात. कुत्रं मोकळं असतंय. ह्याला विष्ठा कशाला बघाय पाहिजे?"

तेव्हा वाघ्याही कोंडायचा ठरला. संध्याकाळी सातला तो घरात येतो. दाराला आतून कडी, वर अडसर. त्यानंतर घराची राखण आम्ही करतो आणि वाघ्या आमच्यावर लक्ष ठेवतो. रात्री बाहेर खुट्ट झालं की तो आईच्या खाटेखाली जातो आणि तिथून माझ्याकडे बघतो. त्या नजरेचा अर्थ सांगायला भाषा लागत नाही. मी उठतो, खिडकीतून बॅटरी मारतो, खोकतो आणि परत येतो. मग तो एकदा भुंकतो, कामगिरी झाल्याची नोंद म्हणून.

दिवसा तो मोकळा असतो, म्हणून त्याला खिळ्यांचा पट्टा केला. बिबट्या गळा धरतो, तेव्हा गळ्याभोवती बाहेर टोकं असलेले खिळे असले तर त्याला तोंड घालता येत नाही. हिमालयातले मेंढपाळ आपल्या कुत्र्यांना लोखंडी पट्टे घालत आले आहेत ते याच कारणाने. आमचा पट्टा जुन्या चामडी पट्ट्याला खिळे ठोकून वेल्डिंगवाल्याने करून दिला. बिबट्याने त्याची अजून परीक्षा घेतलेली नाही. घरच्यांची मात्र रोज होते. वाघ्याला प्रेम आलं की तो मान घासतो. या सवयीने आजवर दोन मच्छरदाण्या, एक गादी, मोटरसायकलचं सीट आणि बायकोची ठेवणीतली साडी गेली. नवार तर इतक्या ठिकाणी तुटली की आई खाटेवर कमी आणि खाटेत जास्त असते. मांडीवर डोकं ठेवायला तो लांबून पळत आला की आम्ही सगळे उभे राहतो. पाहुण्यांना वाटतं, केवढा मान देतात कुत्र्याला.

२०२५ च्या नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडचे फोटो पेपरात आले. तिथे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली होती, लहान मुलंही. शेतावर जाणाऱ्या बायामाणसांनी स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले होते. वाघ्याच्या गळ्यात आहे तसेच. बायकोने तो पेपर घडी करून फडताळात ठेवला आणि त्या दिवसापासून साडीचं नाव काढलं नाही.

बिबट्या निदान मोठा असतो, दिसतो. गोचीड दिसत नाही. गोठा जवळ असला की गोचिडाला वाघ्या आणि जर्सी गाय यांत भेदभाव करायचं कारण नसतं. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, शेपटीच्या मुळाशी, जिथे वाघ्याचा पाय पोचत नाही अशा जागा तो नेमक्या हेरतो. दुपारी जेवणं आवरली की आई ओट्यावर बसते, चष्मा नाकाच्या टोकावर, शेजारी साबणाच्या पाण्याची वाटी, हातात भुवयांचा चिमटा. हा चिमटा माझ्या मुलीचा होता. आता ती त्याच्याकडे बघतही नाही. आई केस विंचरल्यासारखी फर बाजूला सारते, गोचीड कातडीच्या अगदी लगत धरते, सरळ वर ओढते आणि वाटीत टाकते. चिरडायचा नाही, काडीने जाळायचा नाही, हे डॉक्टरांनी तिला एकदा सांगितलं आणि तिने ते आम्हाला रोज सांगितलं. तोंडाने आकडा चालू असतो. सत्तावीस, अठ्ठावीस. तेवढ्यात मी काही विचारलं तर आकडा चुकतो आणि ती पहिल्यापासून मोजते, म्हणजे वाटीतले. वाघ्या डोळे मिटून पडलेला असतो. गोचिडाचा ताप येऊन कुत्री दगावतात, म्हणून महिन्याचं औषध मानेवर टाकतोच. पण आईचा विश्वास वाटीतल्या आकड्यावर.

अंघोळीचं प्रकरण थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच आटपतं. रविवारी घमेल्याचा आवाज झाला की वाघ्या उसात जातो. ज्या उसात वाघ आहे म्हणून आपण रात्री खाटेखाली निजतो, हे त्याला त्या वेळी आठवत नाही. धरून आणला की हौदापाशी मी, बायको आणि मुलगी असे तिघं मिळून त्याला भिजवतो आणि तो अंग झाडून तिघांना. माणसाचा साबण त्याच्या कातडीला चालत नाही, म्हणून त्याचा शांपू माझ्या शांपूपेक्षा महाग आहे. स्वच्छ झाला की तो सरळ शेणखताच्या ढिगावर जाऊन लोळतो. मला वाटतं, त्याच्या मते वास आम्हाला येतो.

पण खरा पेच स्वयंपाकघरात पडला. लसीकरणाला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, खायला काय घालता? आई म्हणाली, "आम्ही खातो तेच. भाकर-कालवण." डॉक्टर म्हणाले, कांदा घालू नका. कच्चा नको, शिजवलेला नको, त्याने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. लसूणही नको. आणि द्राक्षं अजिबात नकोत, मूत्रपिंडं निकामी होतात. टोमॅटोचा पाला आणि हिरवी फळंही चघळू देऊ नका.

आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. मंचरचा बाजार कांद्याचा, नारायणगावचा टोमॅटोचा आणि जुन्नरची द्राक्षं परदेशात जातात. आमच्या मुलखात जे जे पिकतं ते ते कुत्र्याला वर्ज्य, आणि जो ऊस वर्ज्य नाही त्यात बिबट्या. इतका प्रतिकूल पत्ता शोधून या जिवाने जन्म तरी का घेतला असेल?

"मग कालवणात घालू काय?" आईने डॉक्टरांना विचारलं. हा प्रश्न त्यांना कॉलेजात कुणी शिकवला नसावा. तेव्हापासून वाघ्याची चूल वेगळी झाली. बिनकांद्याचं वरण, भात, उकडलेलं अंडं, भाकरीचा पापुद्रा. चंपाषष्ठीला आमच्याकडे कांद्या-वांग्याचा चातुर्मास सुटतो, बाजरीचे रोडगे आणि भरीत होतं आणि पहिला घास देवाच्या कुत्र्याला, म्हणजे याला. गेल्या वर्षी आईने त्याच्यासाठी बिनकांद्याचं भरीत आधी काढलं. आमचा चातुर्मास चार-पाच महिन्यांत सुटला. त्याचा बारमाही आहे. मासवडीचा रस्सा उकळत असला की तो उंबऱ्यावर बसून लाळ गाळतो आणि मी सोवळ्यातल्या माणसासारखा ताटली दुसरीकडे वळवतो.

डॉक्टरांनी कांदा बंद केला त्याच दिवशी रेबीजची लस झाली. दवाखान्यात आमच्या पुढे तीन गाई, एक बोकड. केसपेपरवर नाव विचारलं, आई म्हणाली वाघ्या, वय विचारलं, तीन, जात विचारली, तर ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "आमच्यातलाच." सुई टोचताना वाघ्या गप्प उभा राहिला. मी त्याचं तोंड धरलं होतं आणि डोळे मिटले होते. लहानपणी पोटातल्या चौदा इंजेक्शनांच्या धाकाने आम्ही अनोळखी कुत्र्याला दगड मारून पळायचो. त्या काळी चावलं की जखमेवर आधी मिरची किंवा चुना लावायचे आणि मग देवाचा धावा. आता सांगतात, वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच लस घ्या. डोळे उघडले तेव्हा डॉक्टर मला पाणी देत होते.

आणि मग ती पौषातली रात्र. दोनच्या सुमाराला वाघ्या खाटेखाली गेला. पण या वेळी त्याने माझ्याकडे बघितलं नाही. भुंकला नाही. गुरगुरलाही नाही. खाटेच्या पायाला अंग चिकटवून तो नुसता थरथरत राहिला आणि पट्ट्याचे खिळे लोखंडी पायावर बारीक वाजत राहिले. मी बॅटरी मारली नाही. खोकलोही नाही. आई अंधारात म्हणाली, "गप पड." कुणाला म्हणाली ते मी विचारलं नाही.

सकाळी अंगणात ठसे. मी लगेच त्यावर घमेलं पालथं घातलं, फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'नर. मोठा.' नऊ वाजेपर्यंत अंगणात पुन्हा वीस-पंचवीस माणसं. ती घमेल्याकडे देवाच्या टाकाकडे बघावं तशी बघत होती. वनरक्षक आले, उकिडवे बसले, घमेलं उचललं.

"दादा, ही पुढे नखं उमटलीयत, दिसतात का? बिबट्या नखं आत ओढून चालतो. हे कुत्र्याचं पाऊल."

सगळ्यांनी वाघ्याकडे बघितलं. वाघ्याने शेपूट हलवली.

वनरक्षक उठता उठता थांबले. वाघ्याच्या जर्मनच्या थाळीपासून हातभर अंतरावर त्यांची नजर गेली. "हा मात्र खरा. जरा बाजूला होता का?"

बाजूला व्हायचं होतं मला. गोल, मोठा, बिननखांचा ठसा, आणि त्यातला अर्धा माझ्या चपलेखाली.

त्या संध्याकाळी मी आणि वाघ्या ओट्यावर बसलो होतो. उसाच्या तुऱ्यांवरचा उजेड उतरत चालला होता. आतून आईची हाक आली, "बाळू, चल घरात!"

आम्ही दोघंही उठलो. दारात तो माझ्या आधी पोचला.