नाव सोनूबाई, वॅट पंचेचाळीस

वहिनी, जास्वंदीला पाणी घालून झालं असेल तर जरा इकडे भिंतीशी या. मोठ्याने बोलायची सोय नाही, आमची जाऊ आत आडवी झालीये. सकाळीच आले ठाकुर्लीहून सगळे, दीर, जाऊ आणि पुतण्या. कशाला विचारा. गेमिंग लॅपटॉप!

अहो, त्याला माटुंग्याला कॉम्प्युटर इंजिनीअरिंग मिळालं ना. मिळालं ते छानच झालं, पण दुसऱ्या दिवशी फर्माईश, की साधा लॅपटॉप चालणार नाही, अभ्यासाला ग्राफिक कार्ड लागतं. अभ्यासाला! आमच्या चिरंजीवांनी ऐरोलीला इतकी वर्षं नोकरी केली ती ऑफिसने दिलेल्या ठोकळ्यावर. मी त्याला डोळ्यांनीच विचारलं, तर म्हणतो, ‘आई, मशीन लर्निंगला आणि थ्रीडीच्या कामाला कार्ड खरंच उपयोगी पडतं.’ म्हणजे निम्मी थाप आहे, पूर्ण नाही.

मग काय, आमच्याकडे लीजन की आरओजी की ओमेन, दुसरा विषय नाही. मला तर आता घराणीसुद्धा पाठ झालीत. डेलने एलियनवेअर घेतली 2006 मध्ये, त्याच वर्षी एचपीने व्हूडू नावाची कंपनी घेतली, आणि ओमेन हे नाव मुळात त्या व्हूडूचं. असूसचं आरओजीही 2006 चंच. लेनोवोचं लीजन बरंच नंतरचं, 2017 चं. आणि प्रत्येक घरात एक थोरली, एक धाकटी. आरओजीची धाकटी टफ, लीजनची लॉक, ओमेनची व्हिक्टस, एसरच्या प्रिडेटरची नायट्रो. कार्ड पुष्कळदा दोघींना एकच. फरक सगळा पंख्यात, पडद्यात आणि अंगच्या मजबुतीत. जाऊबाईंना अर्थात थोरलीच हवी. शेजारणीच्या मुलाकडे आरओजी आहे ना!

मागच्या शनिवारी गेले तिघं लॅमिंग्टन रोडला, चिरंजीवांना बरोबर घेऊन. दादरला गाडी बदलून ग्रँट रोड. नाव सांगत नाही दुकानाचं, पण त्या दुकानदाराने पोराला बघता बघता हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. ‘5060 चं कार्ड कशाला घेता, थोडेच पैसे टाका, 5070 घ्या, कॉलेजची चार वर्षं बघायला नको.’ दिरांनी पाकीट काढलंसुद्धा. तेवढ्यात आमचा विचारतो, ‘कार्ड किती वॅटचं?’

तर त्या माणसाला सांगता येईना! खोक्यावर नाही, स्टिकरवर नाही. आणि वहिनी, खरी गोम तिथेच आहे. लॅपटॉपमधलं 5060 हे एकच एक कार्ड नसतं. कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाच्याच आकड्यांत ते 45 वॅटपासून 100 वॅटपर्यंत. त्याच्या आधीचं 4060 तर 35 पासून 115 पर्यंत. किती वीज द्यायची ते लॅपटॉपवाली कंपनी ठरवते, आणि बारीक, चपट्या मशीनला उष्णता झेपत नाही म्हणून कमी देते. नाव तेच, बिल्ला तोच, खेळताना मात्र एक पळतं आणि एक धापा टाकतं. पूर्वी कमी वॅटच्या कार्डांच्या नावापुढे मॅक्स-क्यू लिहिलेलं असायचं, म्हणजे निदान कळायचं तरी. 2021 मध्ये लॅपटॉपसाठी 30 मालिकेतली कार्डं आली तेव्हा ती खूणही गेली. आता कंपनीच्या साइटवर जाऊन बारीक अक्षरांत शोधा. उपाशी ठेवलेल्या 5070 पेक्षा पोटभर वीज मिळालेलं 5060 भारी पडू शकतं, असं चिरंजीवांचं म्हणणं.

आणि ते 5070 तरी काय! लॅपटॉपमधल्याला मेमरी 8 जीबी. 5060 ला किती? तीही 8 च. घरी टेबलावर ठेवायच्या कॉम्प्युटरचं 5070 घेतलं तर 12 मिळते. लॅपटॉपमध्ये 12 हवी तर 5070 टीआय घ्या, म्हणजे दिरांचं दीड लाखाचं बजेट गेलं उडत. अहो, मागच्या पिढीतलं ते सगळ्यात महागडं लॅपटॉपचं 4090, त्याच्या आत चिप होती टेबलावरच्या 4080 ची! हे सगळं राजरोस चालतं हं.

मी म्हटलं, खेळतो तरी काय हा? तर व्हॅलोरंट. ते साध्या कार्डावरसुद्धा पळतं म्हणे. तेवढंच खेळायचं तर टफ नाहीतर लॉक घेऊन मोकळं व्हावं. पण हे मी जाऊबाईंसमोर बोलले नाही. घरात शांतता हवी.

हो, पडद्याची गंमत राहिलीच. चिरंजीवांनी दुकानातच पेन ड्राइव्ह लावला आणि आमच्या वंदनाच्या... नाही, नाव नको, आमच्या नणंदेच्या मुलीच्या लग्नातला एकच फोटो दोन लॅपटॉपवर शेजारी शेजारी उघडला. एका पडद्यावर जाऊबाईंची पैठणी राणी रंगाची, काठ कसे झळझळीत. दुसऱ्यावर तीच पैठणी विटलेली, दहा वेळा धुतल्यासारखी. दोन्हींवर 144 हर्ट्झचा स्टिकर! हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. रंगांचा त्याच्याशी काही संबंध नाही. रंगाला शंभर टक्के एसआरजीबी विचारायचं, आणि 45 टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर उठायचं. वॅटचं कुणी हजारदा सांगितलं असतं तरी जाऊबाईंना पटलं नसतं. पैठणी बघितली आणि स्वस्तातलं मशीन तिथल्या तिथे बाद.

आता वजन. अडीच किलोच्या आसपास लॅपटॉप, वर 230 वॅटचा विटेएवढा चार्जर. डोंबिवलीहून सकाळची फास्ट पकडून बघा म्हणावं, सॅक पोटाशी धरून! आणि चार्जर घरी ठेवायचीही सोय नाही. बॅटरी फार तर 80 वॅट-अवरची, खेळताना मशीन दीडशे वॅट खेचायला लागलं तर अर्ध्या तासात राम म्हणेल. म्हणून चार्जर काढला की ते आपणहून हात आखडता घेतं, खेळ अडखळायला लागतो. मोठी बॅटरी का देत नाहीत? विमानात 100 वॅट-अवरच्या वरची बॅटरी परवानगीशिवाय नेता येत नाही, म्हणून सगळे त्याच्या आतच थांबतात. पोरगा म्हणतो, असूसचं झेफिरस जी14 दीड किलोचं आहे, तेच घेऊ. किंमत ऐकून दीर पाणी प्यायला उठले.

ह्यांचं तर आणखी वेगळंच. ‘गेम म्हणजे जुगार,’ म्हणून बसले. मी म्हटलं, अहो, ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदाच केला ना, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यताही दिली. 2023 च्या आशियाई स्पर्धांत त्याला पदकं होती. तर म्हणाले, ‘पदक आणणार असेल तर दोन घ्या.’

काय म्हणालात, दिवाळीच्या सेलपर्यंत थांबावं? मीही तेच म्हटलं होतं. पण रॅम महागलीये हो, 2025 च्या शेवटापासून भाव चढलेत. ती एआयची डेटा सेंटरं उठलीत सगळी मेमरी ओढायला. आपल्या ऐरोली-महाप्याला दिसतात ना त्या बिनखिडक्यांच्या इमारती, तसलीच. थांबलं तर सेलमध्ये वाचतील त्याहून जास्त रॅममध्ये जातील, अशी दिरांना धास्ती. शेवटी काल लीजन ठरलं, 5060 वालं. पूर्ण वॅटचं, रॅमच्या 8-8 च्या दोन पट्ट्या, पैठणी राणी रंगाची दिसते ते.

पण मी तुम्हाला हाक मारली ती वेगळ्याच कामाला. दीर बिल करून घेणारेत त्यांच्या फर्मच्या नावावर. 18 टक्के जीएसटी वळता करून घ्यायचा म्हणे, आणि मशीनवर खेळणार पोरगा! मला काही हे बरोबर वाटत नाही, पण मी कोण बोलणारी. तुमच्याकडे भावजी सीए आहेत. संध्याकाळी दीर इथे ओट्यावर बसतील तेव्हा भावजींना सहज फिरत फिरत यायला सांगा, आणि विषयही त्यांनीच काढू देत. माझं नाव नको हं मध्ये.