लिंकराव

नातेवाइकांच्या ग्रुपवर रात्री अकरानंतर मेसेज डिलीट केल्याच्या करड्या ओळी ओळीनं उमटायला लागल्या, की समजावं, लिंकराव जागे आहेत. भांडणबिंडण काही नसतं. लिंकसोबत चित्र नीट आलेलं नसतं, एवढंच. नुसती निळी लिंक पाठवणं म्हणजे त्यांच्या लेखी बनियनवर लग्नाला जाणं.

वेबसाइटवर मजकूर काय आहे, याच्याशी त्यांना कर्तव्य नाही. त्यांचा जीव कोडात दडलेल्या चार ओळींत: ओजी टायटल, ओजी डिस्क्रिप्शन, ओजी इमेज आणि ओजी यूआरएल. फेसबुकनं 2010 साली ओपन ग्राफ, म्हणजेच हे ओजी, आणलं, तेव्हापासून लिंकचा चेहरामोहरा बहुतेक ठिकाणी यांवरूनच ठरतो. चित्राचं माप 1200 बाय 630. हे त्यांना बायकोच्या फोन नंबरापेक्षा पक्कं पाठ आहे.

गावच्या देवस्थानाची लिंक पाठवली, की देवाच्या फोटोखाली ‘जस्ट अनदर वर्डप्रेस साइट’ असं झळकायचं. वर्डप्रेसनं आपणहून घातलेली ओळ, कुणी बदललीच नव्हती. इंग्रजीत आहे म्हणजे चांगलंच असणार, म्हणून विश्वस्त गप्प. लिंकरावांना मात्र अन्न गोड लागेना.

पुतणीच्या लग्नात तर कहर झाला. निमंत्रणाच्या चित्रात डावीकडे नवरी, उजवीकडे नवरा, मध्ये अंतरपाट. व्हॉट्सअ‍ॅपनं मधला चौकोन तेवढा उचलला. नुसता अंतरपाट, त्यावर स्वस्तिक! ‘‘पळून गेले की काय दोघं?’’ आत्याबाईंनी ग्रुपवरच विचारलं. लिंकरावांनी चित्र बदललं, तरी येई जुनंच, कारण एकदा उचललेला प्रिव्ह्यू साठवून ठेवलेला असतो. मग लिंकच्या शेपटाला प्रश्नचिन्ह, व्ही, बरोबर, 2. पत्ता नवा वाटतो आणि चित्र पुन्हा उचललं जातं. हळदीच्या दिवसापर्यंत ‘व्ही बरोबर 19’ झालं होतं.

त्यात आत्याबाई लिंक चिकटवली की लगेच बाण दाबणार. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रिव्ह्यू पाठवणाऱ्याच्याच फोनवर तयार होतो, हे त्यांच्या गळी कोण उतरवणार?

‘‘आत्या, दोन सेकंद थांब गं, चित्र येऊ दे!’’

‘‘का रे, मुहूर्त आहे का त्याला?’’

अखेर प्रिव्ह्यू साधला. नावं, तारीख, वेळ, कार्यालय, सगळं दर्शनीच. देखणा, खोटं कशाला बोला! ग्रुपवर अंगठेच अंगठे. पान मात्र कुणीच उघडलं नाही. त्या कार्यालयाच्या गावात दोन शाखा, आणि आपलं लग्न कुठल्या शाखेत, हे आतल्या नकाशात होतं. निम्मं वऱ्हाड भलत्याच मांडवात जेवून आलं. लिंकरावांना त्याचं काही नाही. ‘‘प्रिव्ह्यू सगळ्यांना दिसला ना?’’

तेव्हा तुमच्याही लिंकरावांचं निमंत्रण आलं, तर अंगठा जरूर द्या. पण लिंक उघडा. पत्ता आत असतो.