प्रयोग पहिला : वर्गात प्रश्न तयार करणे
(नवशिक्या गुरुजींसाठी आणि बाईंसाठी)

उद्देश : मुलांना प्रश्न पडावेत. बदली, महागाई भत्ता वगैरे गुरुजींचे प्रश्न यात धरू नयेत.

साहित्य : माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’, शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, ते ज्या कपाटात आहे त्याची किल्ली. पुस्तक विकत मिळतं. किल्लीसाठी मुख्याध्यापकांची मर्जी लागते.

कृती :
१. पुस्तकातलं आजोबांचं चित्र उघडा. मजकुरावर हात ठेवा. “काय दिसतंय?” एवढंच विचारा आणि गप्प बसा. मिनिटभरात तात्पर्य सांगायची उबळ येईल. गिळा.
२. चित्रातल्या आजोबांचं वय किती, यावर वर्गात जुंपली की “तुमचे आजोबा कधी जन्मले?” असं विचारून रजिस्टर काढा. जातीचा रकाना कागदाने झाका. तो का झाकला, हा प्रश्न फुकटात मिळेल.
३. जन्मतारखांवरून मुलांना बोट फिरवू द्या. १ जून. १ जून. १ जून.

निरीक्षण : “सर, तेव्हा गावात सुइणी किती होत्या?” असं कोणी विचारलं, की प्रयोग जमला.

खबरदारी : सगळे १ जूनचेच कसे, याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. बाळंतपणं घरी व्हायची, तारीख कोणी लिहून ठेवत नसे. डोक्यावरून नेलेला हात पलीकडच्या कानाला टेकला, की पोर शाळेच्या वयाचं. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून वयात बसेल असं साल धरून गुरुजी १ जून टाकून मोकळे. पण हे सांगितलंत, तर प्रयोग तिथेच नासला. मुलांना घरी आजीकडे धाडा. ती म्हणेल, “तुझा आजा पोळ्याच्या आदल्या रातचा.” दुसऱ्या दिवशी फळ्यावर दोन रकाने आखा : रजिस्टर म्हणतं, आजी म्हणते. शिक्का एकाकडे, आठवण दुसरीकडे. मग तारीख लिहिणाऱ्याला कसली घाई होती, हे पोरंच विचारतील.

अनुमान : चित्रावरून मुलं अंदाज बांधतात, कागदावरून तो तपासतात. तारीख खोटी निघाली तरी शाळेत नाव कसं घालत, हे तिने खरंच सांगितलं.

टीप : साहेब तपासणीला आले असता हा प्रयोग करू नये. १ जूनला जन्मलेले सरकारी नोकर ३१ मेला निवृत्त होतात आणि दरसाल त्या दिवशी कचेऱ्यांत निरोपसमारंभांची रांग लागते. एखादं पोर साहेबांनाच जन्मतारीख विचारील, आणि साहेब नेमके मेअखेर सुटणारे निघतील.