छायाचित्रात डावीकडून

पुण्यात साहित्य, नाट्य, संगीत यांपैकी कशाशीही नातं सांगणारी संस्था निघाली की तिला अध्यक्ष, कार्यवाह आणि कोषाध्यक्ष लागतात. आणि ती निघालीय हे लोकांना कळायला हवं असेल, तर प्रसिद्धीप्रमुख लागतो. अध्यक्ष बदलतात, कार्यवाह भांडून दुसरी संस्था काढतात. प्रसिद्धीप्रमुख मात्र तोच राहतो, बहुधा दोन्ही संस्थांत. कारण उपसंपादकांचे मोबाइल नंबर त्याच्याकडे असतात आणि ते तो कुणी मागितले तरी देत नाही.

हा गृहस्थ बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला असतो. खांद्याला शबनम, तिच्यात संस्थेची लेटरहेडं, स्टेपलर, निमंत्रणपत्रिकांचा गठ्ठा आणि एक जाडजूड कात्रणवही. त्याला सगळे ‘काका’ म्हणतात. त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे असलेले ज्येष्ठ कवीही ‘काका’च म्हणतात, कारण बातमीत नाव यायचं असतं.

कार्यक्रम संध्याकाळी सहाला. त्याची बातमी काका दुपारी जेवण झाल्यावर लिहून काढतात, तीही भूतकाळात. ‘खचाखच भरलेल्या सभागृहात’ हे शब्द कागदावर उतरत असतात, तेव्हा सभागृहाची किल्ली शिपायाच्या खिशात असते. पाहुणे काय म्हणाले, हेही तेव्हाच ठरतं. ज्येष्ठ समीक्षक असतील तर ‘साहित्यिकाने समाजाचे भान राखले पाहिजे’, निवृत्त अधिकारी असतील तर ‘वाचनसंस्कृती टिकली पाहिजे’, आणि पुढारी असतील तर ‘मी आज इथे राजकारणी म्हणून नव्हे, रसिक म्हणून आलो आहे’. ‘असे प्रतिपादन त्यांनी केले’ हे त्यापुढे आपोआप येतं. एकदा एक समीक्षक पुस्तकाबद्दल चकार शब्द न काढता पाऊण तास स्वतःच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचाच फोन आला, ‘काका, माझं म्हणणं नेमकं पकडावं तर तुम्हीच!’

खरी कारागिरी नावांच्या क्रमात. उपसंपादकाकडे सहा ओळींची जागा असते आणि काकांची प्रेसनोट दीड पानाची. बातमी खालून कापतात, हे काकांना पक्कं ठाऊक. त्यामुळे ज्याला दुखवून चालणार नाही तो वर, ज्याला दुखवलं तरी चालेल तो खाली. सूत्रसंचालन करणारी बाई आणि आभार मानणारा सहकार्यवाह हे वर्षानुवर्षं कात्रीखाली गेलेले. त्या सहकार्यवाहांनी एकदा फारच आदळआपट केली, तेव्हा काकांनी बातमीची सुरुवातच केली: ‘आपण सर्वांचे ऋणी आहोत, असे भावपूर्ण उद्गार त्यांनी आभार मानताना काढले.’ त्या दिवशी कात्रीत लेखक गेला. पुस्तकाचं प्रकाशन झाल्याचं पुणेकरांना कळलं. ते कुणी लिहिलंय, हे मात्र गुलदस्त्यातच राहिलं.

फोटोचंही तेच. फोटोखालच्या ओळी काका घरूनच टाइप करून आणतात: ‘छायाचित्रात डावीकडून’, आणि पुढे पाच नावं. ओळ आधी तयार असल्यामुळे माणसं तिच्याप्रमाणे उभी करावी लागतात. ‘सर, आपण जरा इकडे. मॅडम, तुम्ही सरांच्या पलीकडे. पुस्तक छातीशी धरा, कव्हर कॅमेऱ्याकडे. अहो, उलटं धरलंय!’ असं चालू असतानाच लेखकाचे मेहुणे कौतुकाने स्टेजवर चढून बरोबर तिसऱ्या नावाच्या जागी उभे राहतात. दुसरा कुणी असता तर त्याने ओळ बदलली असती. काकांनी मेहुण्यांच्या हातात पेढ्यांचा बॉक्स दिला आणि ‘तेवढे पहिल्या रांगेत वाटून घ्या ना,’ म्हणून खाली पाठवलं. डावी बाजू बिनचूक राहिली.

सभागृह भरणं हा मात्र रोजचा घोर. रविवारी टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेच्या माधवराव पटवर्धन सभागृहात एक प्रकाशन, नवी पेठेत एस. एम. जोशी सभागृहात दुसरं, पत्रकार भवनात तिसरं. आणि तिन्हीकडे जाणारे रसिक तेच. काका सकाळपासून फोनला बसतात. ‘बघतो’ म्हणणारा येत नाही, ‘नक्की येतो’ म्हणणारा तर मुळीच येत नाही. ‘अल्पोपाहार आधी की नंतर?’ असं विचारणाऱ्याचीच खुर्ची ते धरतात. एवढं करूनही माणसं कमी पडली, तर मागच्या चार रांगांतल्या खुर्च्या उचलून भिंतीला लावायच्या. उरलेल्या भरल्या की सभागृह खचाखच! दुपारी लिहिलेलं खरं करून दाखवायची ही धडपड एरवी कोणत्या वार्ताहराला जमणार?

काका पुस्तकं फारशी वाचत नाहीत, पण इतिहास त्यांना पाठ आहे. अर्थात आपल्या खात्यापुरता. १८७८ साली न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांनी पुण्यात ग्रंथकारांची पहिली सभा भरवली, तिचं आवाहन ‘ज्ञानप्रकाश’मधून केलं होतं. ‘म्हणजे आधी प्रेसनोट, मग साहित्य संमेलन!’ असं ते ठासून सांगतात. १८८५च्या सभेचं आमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारलं आणि रानड्यांना खरमरीत पत्र पाठवलं. ते ‘ज्ञानोदया’त छापून आलं. त्यावर काका म्हणतात, ‘त्या सभेला आलेल्या एकाचं तरी नाव सांगता? न आलेल्याचं पत्र आजही वाचतात!’ म्हणून ऐन वेळी प्रमुख पाहुणे आले नाहीत तर काका खचत नाहीत. नकाराचं पत्र आलंय का, एवढंच ते आशेने विचारतात. पाहुण्यांनी फक्त मेसेज केलेला असतो, ‘ट्रॅफिक’.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेला संयुक्त ‘मानापमान’ हा त्यांच्या हळव्या कोपऱ्यातला विषय. टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले एका रंगमंचावर, एक भामिनी, दुसरे धैर्यधर. लोक अजून त्या रात्रीच्या गाण्याबद्दल बोलतात. काकांना पोखरणारा प्रश्न वेगळाच: जाहिरातीत नाव कुणाचं आधी?

हल्ली संस्थेत दोन तरुण आले आहेत. ते म्हणतात, ‘काका, प्रेसनोट कोण वाचतं? रील करू. लेखकाने तीस सेकंदांत पुस्तक सांगायचं.’ केलं. तीस सेकंद संपले तेव्हा लेखक ‘सर्वप्रथम मी आभार मानतो’ इथवर पोचले होते. ते रील काकांनी शांतपणे पाहिलं आणि खाली डावीकडून नावं टाकायला सांगितली.

बातमी आली की सकाळी सातपासून काकांचा फोन वाजू लागतो. अध्यक्षांना आडनाव ऱ्हस्व झाल्याचं दुःख असतं, कार्यवाहांना ‘आदी मान्यवर’मध्ये ढकलल्याचं. पुस्तकाची किंमत आणि मिळण्याचं ठिकाण कधीच छापून येत नाही, कारण ‘ती जाहिरात झाली’ म्हणून उपसंपादक तेवढंच आधी काढतो. त्याबद्दल आजवर कुणाचीही तक्रार नाही. नावं असलेले बातमी वाचतात, नावं नसलेले कार्यक्रमालाच आलेले नसतात. सगळं कसं सुरळीत.

परवा मात्र सांगलीहून एका अनोळखी माणसाचा फोन आला. ‘तुमच्या पुस्तकाची बातमी वाचली. विषय चांगला वाटला. कुठे मिळेल?’

काकांना काही उमगेना. ‘आपण कार्यक्रमाला होता का?’

‘नाही हो, मी सांगलीला असतो.’

‘मग बातमीत आपलं नाव होतं का?’

‘छे, माझं कशाला असेल?’

‘मग,’ काका खरोखरच बुचकळ्यात पडून म्हणाले, ‘तुम्ही ती वाचलीत कशासाठी?’