विश्वासाचे लखोटे

पंतप्रधान कनिष्ठ सभागृहाच्या विश्वासावर पदावर राहतो आणि तो विश्वास उडाला की सभागृह अविश्वासाचा ठराव संमत करून त्याला घरी पाठवते, असे संसदीय लोकशाहीच्या क्रमिक पुस्तकांत लिहिलेले असते. ज्या ब्रिटनने ही पद्धत जगाला दिली, तेथे असा ठराव शेवटचा संमत झाला तो २८ मार्च १९७९ रोजी, जेम्स कॅलाहन यांच्या सरकारविरुद्ध, ३११ विरुद्ध ३१० मतांनी. त्यानंतर सभागृहाने हे कष्ट घेतलेले नाहीत, कारण तेच काम स्वपक्षीय अधिक मायेने करतात. विरोधक समोरून वार करतो. केसाने गळा कापायला पाठीमागच्या बाकावरचा सहकारीच लागतो.

हुजूर पक्षाने या कलेला शास्त्राचा दर्जा दिला आहे. त्या पक्षाची '१९२२ समिती' ही मुख्यतः मंत्रिपद न मिळालेल्या किंवा मिळून गेलेल्या खासदारांची संघटना असून ती स्थापन झाली १९२३ मध्ये, यावरून तिच्या हिशेबाची कल्पना यावी. पक्षाच्या १५ टक्के खासदारांनी नेत्यावर विश्वास नसल्याची चिठ्ठी समितीच्या अध्यक्षांकडे दिली की गुप्त मतदान घेतले जाई. चिठ्ठ्या किती जमल्या हे एकट्या अध्यक्षांना ठाऊक असे, दिलेली चिठ्ठी परत घेण्याची मुभा असे, आणि चिठ्ठी दिल्याचे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची संख्या लखोट्यांच्या संख्येशी जुळावी अशी अट कोठेही नव्हती.

६ जून २०२२ रोजी बोरिस जॉन्सन यांनी हे मतदान २११ विरुद्ध १४८ असे जिंकले आणि नियमानुसार त्यांना १२ महिन्यांचे अभय मिळाले, जे ३१ दिवस पुरले. नियमाला धक्का न लावता काम साधायचे असल्याने मंत्र्यांनीच राजीनाम्यांची रांग लावली. दोन दिवसांपूर्वी नेमलेल्या शिक्षणमंत्री मिशेल डोनेलन यांनीही ७ जुलैला सकाळी पद सोडले, म्हणजे खात्याच्या फायलींची ओळख होण्याआधीच निरोपाचे पत्र तयार झाले. त्याच दिवशी जॉन्सन यांनीही पायउतार होण्याची घोषणा केली.

पुढची निवड पक्षसदस्यांनी केली. ८१,३२६ मते मिळवून ऋषी सुनक यांना हरवणाऱ्या लिझ ट्रस ६ सप्टेंबरला पंतप्रधान झाल्या. पैसा कोठून येणार हे न सांगता त्यांच्या सरकारने करकपात जाहीर करताच पौंड गडगडला. 'डेली स्टार' या वृत्तपत्राने लेट्यूसचा एक गड्डा कॅमेऱ्यासमोर ठेवला, त्याला केसांचा टोप चढवला आणि आधी कोण सुकते ते पाहण्याचे आवाहन केले. २० ऑक्टोबरला बाईंनी राजीनामा जाहीर केला तेव्हा गड्डा टवटवीत नसला तरी पदावर होता. आपल्याकडे भाडेकरूशीही करार अकरा महिन्यांचा होतो. येथे मुक्काम ४९ दिवसांचा ठरला.

मग १०० खासदारांच्या पाठिंब्याची अट पुरी करणारे सुनक एकटेच उरले, तेव्हा सदस्यांना पुन्हा विचारण्याची गरजच पडली नाही. सुंठीवाचून खोकला गेला, आणि सात आठवड्यांपूर्वी सदस्यांनी नाकारलेला उमेदवार कोणाच्याही मताविना राजाकडून नियुक्त झाला.

ट्रस यांची मात्र फार आबाळ झाली असे नाही. माजी पंतप्रधानांना सार्वजनिक कार्याच्या कार्यालयीन खर्चापोटी वर्षाला १,१५,००० पौंडांपर्यंत भरपाई मागता येते, आणि पद किती दिवस भूषवले हा प्रश्न त्या अर्जात विचारला जात नाही.