लपलेल्या पंचमाचं इंग्रजी नाव कसं शोधावं

साहित्य : एक खोडरबर, हार्मनीची चार जाडजूड पुस्तकं आणि टाळायचा असलेला गृहपाठ. शेवटचं नसेल तर या मार्गदर्शनाचा उपयोग नाही.

१. आधी गुन्हा नीट ओळखावा. खालचा आवाज सा वरून रे वर गेला. त्याच वेळी वरच्यानं ग वरून थेट ध वर उडी मारली. दोघंही वरच्या दिशेनं निघाले आणि नेमके पंचमाच्या अंतरावर येऊन थांबले. वरचा ग-म-प-ध असा पायरी-पायरीनं चढला असता, तर वाटेत सा-प आणि पाठोपाठ रे-ध ऐकू आले असते. लागोपाठ दोन पंचम आले की दोन आवाज एकच वाटू लागतात. चार आवाजांच्या कोरालात हे पाप. आपला तंबोरा जन्मभर सा-प करतो, त्याला कुणी हटकत नाही. पण ते असो.

२. आता नाव. एक पुस्तक म्हणतं ‘हिडन फिफ्थ्स’, दुसरं ‘कव्हर्ड’, तिसरं ‘डायरेक्ट’, चौथं ‘एक्स्पोज्ड’. म्हणजे चोर एकच, पण तो लपलेला, झाकलेला आणि शिवाय उघडा पडलेला! गंमत म्हणजे सगळे बरोबर. पंचम लपतो तो गाळलेल्या पायऱ्यांत. उघडा पडतो तो सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या आवाजांत, कारण कानाला तेच आधी ऐकू येतात. ‘डायरेक्ट’चं मूळ एका दिशेच्या चालीत, फुक्सनं १७२५ च्या लॅटिन ग्रंथात तिला ‘मोतुस रेक्तुस’ म्हटलंय.

३. ‘पॅरलल’ म्हणू नये. तो सख्खा भाऊ, आरोपी नव्हे.

४. जर्मनकडे वळू नये. वळलात की ‘व्हॉइस लीडिंग’ हेच ‘श्टिमफ्यूरुंग’चं भाषांतर निघतं, इंग्रजांचं ‘पार्ट-रायटिंग’ आठवतं आणि रात्रीचा दीड वाजतो.

५. शेवटी सरांना विचारावं. माझे सर गोव्याचे, चर्चच्या गायनवृंदात वाढलेले. मी तीन पानं टिपणं नेली. त्यांनी ती बाजूला ठेवून पियानोवर दोन मात्रा वाजवल्या.

“वरचा आवाज एकाच पायरीनं आण. मग चालतं. बाखकडेही सापडतं ते.”

“पण सर, याला म्हणायचं काय?”

“मी ‘अरेरे’ म्हणतो.”

वहीच्या समासात आता ‘अरेरे’ लिहिलंय. टेनर अजून लिहायचाय.